निस्तार पत्रकाचा माग

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याच्या शेतकऱ्याने सरपण, कुडाला बांबू किंवा वखराला लाकूड गावच्या रानातून कोणत्या हक्काने आणायचे? उत्तर निस्तार पत्रकात, म्हणजे रानावरच्या गावाच्या वहिवाटीच्या नोंदीत मिळते. पुण्या-नाशकाकडे हा कागद नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधले निस्तार पत्रकाचे प्रकरण विदर्भापुरतेच आहे.

असे का, हे संहिता वाचून उलगडत नाही. माग मागे मागे काढावा लागतो.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि इथे १९५४ चा मध्य प्रदेश महसूल कायदा चाले. म्हणूनच मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या गावांतही निस्तार पत्रक आहे. त्याआधी १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे गावप्रमुखांची जमीनमालकी संपली. रान, पडीक, तलाव सरकारकडे गेले. पूर्व विदर्भात ज्यांना आजही ‘मामा तलाव’ म्हणतात, ते हेच माजी मालगुजारी तलाव. मालक बदलला, तेव्हा रयतेची वहिवाट कागदावर आणणे भागच होते.

आणखी मागे गेले की इंग्रजांचा जमीन-महसुलाचा बंदोबस्त लागतो. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला आणि गावप्रमुख मालगुजार म्हणून जमिनीचे मालक ठरले. चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्याचा बंदोबस्त-अहवाल मेजर ल्यूसी स्मिथ यांनी १८६९ मध्ये दिला. या बंदोबस्तांत गावाचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये नोंदवण्याची पद्धत उत्तर हिंदुस्थानातून आली. ते नाव संहितेच्या कलम १६५ मध्ये अजून टिकून आहे.

पण वहिवाट कुणा साहेबाची देणगी नव्हे. लिहून घेणारा आला, तेव्हा गुरे रानात चरतच होती, ही गोष्ट विसरता कामा नये. कलम १६३ मध्ये शेतीच्या जनावरांना मोफत चराई आणि गावच्या कारागिरांना त्यांच्या धंद्यापुरता माल नेण्याची सवलत आहे, ती याच जुन्या रीतीची नोंद.

२००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मोजताना निस्तार हाच शब्द घेतला. त्या कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पत्रकातली नोंदही अजून बदलता येते. ग्रामपंचायतीने मागणी केली की जिल्हाधिकारी चौकशी करून ती दुरुस्त करू शकतात.