शेवटच्या डेकपर्यंत

‘क्वारंटाइन’ हा शब्द बंदरातून आलेला आहे. प्लेगच्या भीतीनं व्हेनिसमध्ये परगावची जहाजं चाळीस दिवस अडवून ठेवत. इटालियन भाषेत चाळीसला ‘क्वारंता’ म्हणतात. २०२० साली करोनामुळे हा शब्द आमच्या मुखेडच्या बाजारातही ऐकू येऊ लागला. पण हजला जाणाऱ्यांच्या पिढ्यांनी तो त्याच्या कितीतरी आधी सोसला होता.

१९९५पर्यंत मुंबईहून जेद्दाला यात्रेकरूंची जहाजं जात. शिडाच्या काळात हा प्रवास लांबलचक असे. जहाजावर कॉलरा झालाच, तर किनारा येईपर्यंत रोगी एकतर दगावायचा नाहीतर बरा व्हायचा. आगबोटींनी दिवस वाचवले आणि रोगाचाही वेळ वाचवला. १८६५ साली मक्केत कॉलऱ्यानं सुमारे १५,००० यात्रेकरूंचा बळी घेतला. तिथून तो इजिप्तमार्गे युरोपात पोचला. युरोप घाबरला आणि १८६६ साली कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली.

पुढे १८८२च्या सुमारास तांबड्या समुद्रात, येमेनजवळच्या कामरान बेटावर तपासणी-ठाणं उभं राहिलं. हजकडे निघालेली जहाजं तिथं थांबत. यात्रेकरूंना उतरवून त्यांचे कपडे, अंथरुणं वाफेच्या यंत्रात घालत. रोगी आढळला तर मुक्काम वाढे. या साऱ्याचं शुल्कही यात्रेकरूंकडूनच घेतलं जाई.

यंत्र चुकीचं नव्हतं. पण ज्या जहाजातून ही माणसं येत, त्याच्या पोटात काय होतं? गरीब यात्रेकरू खालच्या डेकवर दाटीवाटीनं झोपत, तिथंच स्वयंपाक करत. कॉलरा पाण्यातून पसरतो, हे लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ सालीच दाखवून दिलं होतं. त्यामुळे समुद्राचं पाणी उकळून, वाफ थंड करून पिण्याचं पाणी बनवणारं जहाजावरचं साधन कितीतरी मोलाचं होतं. रोग अडवायचा तर आधी खालच्या डेकवर स्वच्छ पाणी आणि मोकळी जागा हवी होती.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९७च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला आणि जहाजं, प्रवासी तपासण्याचे अधिकार सरकारला मिळाले. त्या वर्षी मुंबईहून होणारी हजची वाहतूकही बंद झाली. त्याच वर्षी जानेवारीत हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत आधी स्वतःला टोचून घेतली होती. १८९८ साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे शोधलं. मग जहाजांच्या तळात गंधकाचा धूर सुरू झाला. धक्क्याच्या दोरावर उंदीर चढू नये म्हणून लावलेली पत्र्याची तबकडी आजही बंदरात दिसते.

आता २०२०च्या फेब्रुवारीत या. जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे आलिशान पर्यटन जहाज अडवलं गेलं. जहाजावर ३,७११ माणसं, त्यांतल्या ७१२ जणांना करोना झाला. प्रवाशांना केबिनमध्ये बसवलं, पण हजाराहून अधिक कर्मचारी काम करतच राहिले. ते जेवण रांधत, दारोदार पोचवत आणि दाटीच्या खोल्यांत एकत्र झोपत. त्यांत १३२ भारतीय होते. २०२२च्या जानेवारीत मुंबईहून गोव्याला गेलेल्या ‘कॉर्डेलिया’ जहाजावर सुमारे दोन हजारांपैकी ६६ जण बाधित निघाले, तेव्हा हे संकट आपल्या दारात आलं.

आज हवा गाळणारी यंत्रं आहेत, काही तासांत निदान करणारी चाचणी आहे. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस मात्र हाताला चोळायच्या सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही. त्याला साबण, पाणी आणि क्लोरीनच लागतं. अमेरिकेत १९७५पासून पर्यटन जहाजांची स्वच्छता तपासतात आणि शंभरपैकी गुण देतात. ८५ किंवा कमी मिळाले तर जहाज नापास.

ही तपासणी स्वयंपाकघरातही जाते, हे बरं आहे. दीडशे वर्षांचा हा हिशेब एवढंच सांगतो, की रोग तिकिटाचा वर्ग विचारत नाही. उपाय मात्र विचारत आले. वरच्या मजल्यावरचं सर्वांत महागडं यंत्रसुद्धा, खाली भांडी घासणाऱ्या खलाशाला झोपायला वेगळी जागा आणि आजारी पडल्यावर पगारी रजा नसेल, तर कुणालाच वाचवू शकत नाही. वरच्यांनाही नाही.