मीटरच्या अलीकडची तार कोणाची?



घरात नवा पंखा आला, मिक्सर आला, की आपण काय म्हणतो? "त्या अमक्याला बोलवा, तासाभरात पॉइंट काढून देईल." तो येतो, तार ओढतो, चहा पितो, पैसे घेऊन जातो. दिवा लागला म्हणजे काम झालं. पण काम बरोबर झालं का, हे दिवा सांगत नाही. अर्थिंगची तार जोडलेली नसली तरी पंखा फिरतोच. काम बरोबर आहे हे सांगणारा एक कागद असतो. त्याला म्हणतात चाचणी अहवाल, म्हणजेच टेस्ट रिपोर्ट. आज या कागदाची गोष्ट ऐकू या.

आपल्या देशात विजेचा पहिला कायदा झाला 1887 साली. तेव्हा खेड्यात काय, बहुतेक शहरांतही वीज नव्हती. तरी तो पहिला कायदा होता तो माणसांना आणि मालमत्तेला विजेपासून इजा होऊ नये म्हणून. म्हणजे वीज यायच्या आधीच तिचा धोका ओळखला होता. पुढे 1910 चा कायदा आला. त्याच सुमारास आपल्याकडे वीज वाढू लागली. 1907 साली मुंबईत विजेची ट्राम धावली. 1915 साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. गावं मात्र अंधारातच होती.

स्वातंत्र्यानंतर 1956 साली भारतीय विद्युत नियम आले. त्यातला 45 वा नियम आपल्या कामाचा आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण खराब झालं, तर तसंच दुसरं बसवायला परवाना लागत नाही. पण नवा पॉइंट काढणं, वायरिंग वाढवणं किंवा बदलणं, ही कामं परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायची. काम करणाऱ्याकडे परवाना हवा आणि देखरेख करणाऱ्याकडे पात्रतेचं प्रमाणपत्र हवं. आता ते जुने नियम जाऊन नवे आले, 2003 चा वीज कायदाही आला, पण ही रीत तशीच राहिली.

त्याच नियमांत तपासणीही सांगितली होती. मेगर नावाच्या यंत्राने तारेवर 500 व्होल्टचा दाब एक मिनिट द्यायचा आणि तारेचं आवरण तो दाब सहन करतं का, वीज जमिनीकडे झिरपते का, ते बघायचं. आकडा किमान 1 मेगओहम यायला हवा. डोळ्यांनी चांगली दिसणारी तारही या परीक्षेत नापास होऊ शकते.

मग आपल्या घरी हा कागद का दिसत नाही? त्याचं उत्तर गावात वीज कशी आली त्यात आहे. 1960 साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं आणि हळूहळू गावोगाव खांब उभे राहिले. 1988-89 पासून कुटीर ज्योती योजनेत गरीब घरांना जोडणी मिळाली, ती एका दिव्यापुरती. 2017 च्या सौभाग्य योजनेने उरलेल्या घरांपर्यंत मीटर नेलं. जोडणी देताना तपासणी व्हायची ती त्या दिवशीच्या घराची. पुढे त्याच एका दिव्याच्या तारेला टीव्ही जोडला, मग फ्रिज, पाण्याची मोटर, शिलाई मशीन. घर वाढलं, तार तीच राहिली आणि कागदही तोच राहिला.

म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा. मीटरपर्यंतची तार वीज कंपनीची, मीटरच्या अलीकडची आपली. अपघात झाला तर विद्युत निरीक्षक चौकशी करतात. दोष घरातल्या वायरिंगमध्ये निघाला, तर जबाबदारी आपल्यावर येऊ शकते. आणि शॉक कोणाला बसतो? ओल्या हातांनी मोटर चालू करणारीला, पत्र्याच्या न्हाणीघरात हीटर लावणारीला, तारेवर ओले कपडे वाळत घालणारीला.

पुढच्या वेळी कारागीर बोलवाल तेव्हा कामाआधी चार गोष्टी विचारा. दादा, तुमचा परवाना दाखवा, त्याची मुदत कधीपर्यंत आहे? कोणत्या ठेकेदाराच्या वतीने काम करता? तार आणि बटणं आयएसआय खुणेची आहेत का? काम झाल्यावर अर्थिंग तपासून सही-शिक्क्याचा चाचणी अहवाल द्याल का? विचारायला लाजू नका. चांगल्या कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही.

घरातली उपकरणं वाढली असतील, तर वीजबिलावरचा मंजूर भार बघा. तो कमी पडत असेल तर वाढवून घेण्यासाठी अर्ज करा. गळती होताच वीज तोडणारं यंत्र मीटरजवळ बसवून घ्या. घरासाठी 30 मिलिअँपिअरचं यंत्र मागा.

एका बाईने ठेकेदाराला बोलावलं तर खर्च जास्त वाटतो. पण बचत गटातल्या दहा घरांनी मिळून एकच दिवस ठरवला, तर त्याची एकच खेप होते आणि दर ठरवताना आपला आवाजही मोठा होतो. महिन्याच्या बैठकीत हा विषय घ्या. आणखी एक सांगते. आयटीआयमधले वीजतंत्री आणि तारतंत्री हे अभ्यासक्रम मुलींनाही खुले आहेत. ते शिकून, रीतसर परवाना काढून आपल्याच गावातली एखादी लेक हे काम करू लागली, तर दुपारी घरी एकटी असलेली बाईसुद्धा तिला निर्धास्त बोलावेल.

मिळालेला अहवाल रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवा. आणि आज घरी गेल्यावर एवढं करा: मीटरपासून न्हाणीघरापर्यंतची तार लांबूनच, हात न लावता, नजरेने बघून या. कुठे जोड दिसला, कुठे आवरण फाटलेलं दिसलं, तर मेन बटण बंद करा आणि परवानाधारकाला बोलवा.