सेरोटोनिन: नावाची आणि समजुतीची कुळकथा

आज मनाशी जोडल्या जाणाऱ्या सेरोटोनिन या रसायनाचं नाव मनावरून पडलेलं नाही, रक्तावरून पडलं. 1948 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्व्हाइन पेज यांनी रक्तवाहिन्या आवळणारा एक पदार्थ रक्ताच्या सीरममधून वेगळा केला. सीरममधला आणि वाहिन्यांचा ‘टोन’ वाढवणारा, म्हणून सेरोटोनिन. इटलीत व्हित्तोरियो एरस्पामेर यांनी आतड्यात शोधलेलं ‘एंटेरामिन’ ते हेच, असं 1952 मध्ये ठरलं. आजही शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात सापडतं. मेंदूत ते आढळलं सगळ्यांत शेवटी. बेटी ट्वारॉग आणि पेज यांनी 1953 मध्ये ते दाखवलं.

नैराश्याशी त्याची सोयरीक जुळवली औषधांनी, आणि त्यात मुंबईचाही वाटा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि ही मुळी पाश्चात्त्य दवाखान्यांत पोचली. तिच्यातलं रेसर्पिन मेंदूतलं सेरोटोनिन घटवतं, हे 1955 मध्ये कळलं. ते घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, अशाही नोंदी होत्या. उलट, क्षयावरच्या इप्रोनियाझिडने रुग्णांना हुशारी यायची. ते सेरोटोनिनचं विघटन रोखायचं. ही दोन टोकं जोडून 1960 च्या दशकात अनुमान निघालं: सेरोटोनिन कमी, म्हणून नैराश्य. 1987 मध्ये अमेरिकेत सेरोटोनिनवर काम करणाऱ्या प्रोझॅक या नैराश्यावरच्या गोळीला मंजुरी मिळाली आणि हे अनुमान घरोघरी सिद्धान्त म्हणून नांदू लागलं.

हिशेब मात्र जुळत नव्हता. प्रोझॅकसारख्या गोळीचा सेरोटोनिनवरचा परिणाम काही तासांत सुरू होतो. मनाला उभारी यायला कित्येक आठवडे जातात. मधल्या काळात मेंदू स्वतःची जुळणी बदलत असावा, असं प्राण्यांवरचे प्रयोग सुचवतात. 2008 मध्ये प्रौढ उंदरांना प्रोझॅकमधलंच औषध दिल्यावर मेंदूच्या दृष्टिकेंद्रात बालवयातली लवचिकता परतली. पण त्यांचा ‘आळशी’ (दृष्टी मंदावलेला) डोळा सुधारला तो चांगला डोळा मिटून त्याला कामाला लावल्यावर. औषधाने वाफसा आणला, पेरणी अनुभवाने केली.

2022 च्या एका मोठ्या आढाव्यात ‘कमी सेरोटोनिन’चा ठोस पुरावा मिळाला नाही. त्यामुळे ‘तुटवडा’ ही कथा मोडीत निघाली, गोळी नव्हे. डॉक्टरांना न विचारता ती अचानक बंद करू नका. आणि ती चालू असताना फिरणं, बोलणं, समुपदेशन ही पेरणीही थांबवू नका.