आपले शिक्षण : मिशनच्या शाळेपासून बग्रुतपर्यंत

सिनेगॉगचा वर्धापनदिन साजरा करताना समाजाच्या इतिहासातला एक हिशोब आठवतो. सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत आपले पहिले सिनेगॉग १७९६ साली उभारले. समाजाची स्वतःची शाळा मात्र १८७५ साली निघाली. मधल्या ७९ वर्षांत आपली मुले कुणाच्या शाळेत शिकली, हे नातवंडांना ठाऊक असावे म्हणून हा लेखनप्रपंच.

कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथला ते बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. अशा कष्टाच्या घरातून फी भरून मूल शाळेत धाडणे कठीणच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन मिशनने मुंबईत व कोकणपट्टीत मोफत शाळा काढल्या. त्यांत आपली मुले बसली आणि आपली काही माणसे शिक्षक म्हणूनही लागली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले. त्यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले.

या शाळांत फी नव्हती, पण ख्रिस्ती धर्माचे पाठ होते. वडीलधाऱ्यांनी विद्या घेतली, धर्म सोडला नाही. धर्मांतरे फारच थोडी झाली. आपल्या धर्माची भाषा शिकण्यास मिशनऱ्यांचा हातभार लागला, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. तरीही फुकट शाळेत देणाऱ्याचा हेतू असतोच, हे त्या पिढीने ओळखले.

म्हणूनच हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ साली मुंबईत इस्रायली शाळा काढली. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने तिला साहाय्य दिले. पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून ती नावारूपाला आली. त्याच काळात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी शाळा सांभाळता सांभाळता आपले प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. शिकलेला माणूस समाजाला काय देऊ शकतो, याचे हे उदाहरण.

दुसरे उदाहरण रिबेका रूबेन यांचे. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या या मुलीने १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकमध्ये पहिला क्रमांक पटकावला. इतकी हुशार बाई कुठेही मानाने राहिली असती. त्यांनी १९२२ ते १९५० आपल्याच शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. एकीचा पहिला नंबर असा पुढच्या शेकडो मुलांच्या उपयोगी पडला.

इस्राएलात आल्यावर आम्हांला वाटले, आता हा प्रश्न मिटला. १९४९ च्या कायद्याने ५ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले होते. ज्याच्या अंगी गुण, तो पुढे जाईल! पण माध्यमिक शिक्षणाची फी कायद्याने माफ झाली ती १९७८ साली. शिवाय नव्या वसाहतींतली पुष्कळ मुले बग्रुतकडे न जाता धंदेशिक्षणाच्या वर्गांकडे वळवली गेली. हातकाम हलके नव्हे. आमचे पूर्वज तेलीच होते. पण मुलाला निवडायला मिळाले नाही, ही खंत राहिली.

आणखी एक गोष्ट कुठल्याच कायद्यात नव्हती. आम्ही मराठी वाचत होतो, कित्येकांना इंग्रजी येत होते, पण संध्याकाळी मूल हिब्रूतला गृहपाठ घेऊन समोर बसले की आम्ही गप्प. शेजारच्या घरात आईबाप समजावून सांगत किंवा शिकवणी लावत. परीक्षेत दोघांना एकच प्रश्नपत्रिका आणि वर्गात मात्र आमचे मूल 'ढ' ठरे. गुण मोजले गेले, पण घरची मदत कोणी मोजली नाही.

म्हणून आम्हांस वाटते की, मोफत शाळा हे दार आहे. ते उघडणे सरकारचे काम; उंबरठ्याशी अडखळलेल्या मुलाचा हात धरणे समाजाचे. केहिमकरांनी आणि रिबेकाबाईंनी तेच केले. आज आपल्या नातवंडांत शिक्षक, परिचारिका, इंजिनियर आहेत आणि त्यांना हिब्रू आपल्यासारखे अडत नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ त्यांनी सिनेगॉगच्या दालनात लहान मुलांच्या अभ्यासाला द्यावी. चहा आणि पोहे आम्ही म्हातारी मंडळी करू.