कृपा आणि किंमत : इसेची पेठ

जपानमधील इसे येथे सूर्यदेवता आमातेरासूच्या देवस्थानाकडे नेणारी ओहाराइमाची ही पेठ इसुझू नदीच्या काठाने सुमारे ८०० मीटर जाते. भाजलेले कालव, मात्सुसाकाच्या गोमांसाचे क्रोकेट, तांदळाची मोची, असे खात खात यात्रेकरू पुढे सरकतात. या खाण्याचा इतिहास पाककृतींत शोधावा, तर फारसे हाती लागत नाही. कोणी कोणाला जेवू घातले, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

इसेत अन्नाचा मान मुळात देवाचाच. आमातेरासूच्या भोजनाची व्यवस्था पाहणारी तोयोउके ही देवता बाहेरील देवस्थानात आहे आणि तेथे आजही सकाळ-संध्याकाळ नैवेद्य दाखवला जातो. माणसांच्या अन्नाची कथा मात्र रस्त्यावर घडली. एदो काळात अधूनमधून इसेच्या यात्रेची लाट उसळे. १६५०, १७०५, १७७१ आणि १८३० या वर्षांच्या लाटा विशेष प्रसिद्ध आहेत. १७०५ साली ५० दिवसांत सुमारे ३६ लाख २० हजार लोक आल्याचा आकडा मोतोओरी नोरिनागा यांनी नोंदवला आहे. धन्याची वा वडिलांची परवानगी न घेता नोकर, स्त्रिया, मुले निघत. एदोहून इसेला चालत पंधरा दिवस लागत. कनवटीला पैसा नसलेल्या या माणसांच्या हाती लांब दांड्याचे लाकडी ओगराळे असे; ते पुढे केले की वाटेवरचे लोक त्यात अन्न वा पैसे घालत. अशा यात्रेला 'ओकागे माइरी' म्हणत. 'ओकागे' म्हणजे कुणाच्या तरी कृपेने लाभलेले. मालकाच्या वतीने यात्रेला धाडलेल्या कुत्र्यांनाही लोक खाऊ घालीत. हिरोशिगेच्या चित्रात असा एक श्वान-यात्रेकरू दिसतो.

तथापि या दातृत्वाचे गोडवे गाताना बाजार विसरून चालणार नाही. १८३० साली गवती वहाणा आणि ओगराळी यांचे भाव अनेक पटींनी चढले होते. आकाफुकू या पेढीची स्थापना १७०७ ची, म्हणजे १७०५ च्या लाटेनंतर अवघ्या दोन वर्षांची. तिच्या मोचीवरील लाल चवळीच्या गोड पुरणात बोटांनी उमटवलेल्या रेघा इसुझूचा प्रवाह दाखवतात, खालची पांढरी मोची नदीतले गोटे. जाड, मऊ इसे उदोन दमलेल्या यात्रेकरूंना सहज पचावे म्हणून इतके शिजवतात, असे सांगितले जाते. दान आणि विक्री एकाच रस्त्याने चालत होती.

१८७१ साली मेजी सरकारने यात्रेकरूंची सोय पाहणाऱ्या 'ओशी' पुरोहितांची व्यवस्था मोडली. पुढे रेल्वे व मोटारी आल्या आणि पेठेत रेंगाळण्याचे कारण उरले नाही. १९९३ साली आकाफुकूने ओहाराइमाचीतच जुन्या धर्तीची घरे उभारून 'ओकागे योकोचो' वसवले. ही नक्कल आहे, असा आक्षेप सहज घेता येईल. परंतु जेथे देवस्थानच दर २० वर्षांनी नव्या लाकडात उभे राहते (मागील पुनर्निर्माण २०१३ चे, पुढील २०३३ चे), तेथे नवेपणा हा दोष ठरत नाही.

आमचा आक्षेप निराळा आहे. घरे पुन्हा बांधता आली, पाट्या पुन्हा रंगवता आल्या, गल्लीला 'ओकागे' हे नावही देता आले. परंतु रिकाम्या हाताने आलेल्या पळपुट्या नोकराला जेवू घालणारी रीत त्या आराखड्यात बसली नाही. १८३० साली भाव चढले तरी ओगराळ्यात काहीतरी पडत होते. आज त्या पेठेत चव चाखायची, तर आधी नाणे मोजावे लागते.