विटाळ धाग्याचा आणि हवेचा

प्रदूषण हा शब्द आपल्याकडे अलीकडे फार शुद्ध अर्थाने वापरला जातो. गाड्यांचा धूर, कारखान्यांचा वायू, हिवाळ्यात शहरावर उतरणारे धुरके एवढाच त्याचा अर्थ वर्गात शिकवला जातो. पण ह्याच शब्दाला ह्या देशात दुसरा आणि कितीतरी जुना अर्थ आहे. माणसाच्या सावलीने, स्पर्शाने, लाळेने होणारे दूषण म्हणजे विटाळ. हे दोन अर्थ एकाच छपराखाली आणि एकाच भोंग्याच्या आवाजावर नांदले, ती जागा म्हणजे मुंबईची कापड गिरणी. मुंबईच्या हवेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ह्या जागेकडे फारसे पाहिलेले नाही. ते का, हा प्रश्न मी इतिहासाचा शिक्षक म्हणून विचारतो आहे.

कावसजी नानाभाई दावर यांची पहिली गिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा ह्या भागात धुराडी उभी राहिली. धूर दिसत होता. तो वाऱ्याबरोबर साहेबांच्या आणि शेटजींच्या वस्तीकडेही जाई. म्हणून १९१२ साली मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. धुराड्यातून निघणारा धूर किती काळा, हे पाहणारा हा कायदा होता. १९१५ पासून खोपोलीची वीज गिरण्यांना मिळू लागली आणि कोळशाचा धूर काही प्रमाणात हटला. (वीज धरणांतून आली आणि धरणांखाली गावे गेली. मुळशीचा सत्याग्रह १९२१ चा आहे. शहराच्या स्वच्छ हवेची किंमत कोणी दिली, हा एक वेगळा निबंध होईल.)

धुराड्याच्या तोंडावर कायदा आला, पण धुराड्याच्या पायथ्याशी, खात्याच्या आत जी हवा होती तिचे काय?

कापसाची गाठ फोडली की त्यातली माती, पालापाचोळा, बोंडाचे बारीक कण आणि तंतू हवेत उडतात. ब्लो रूममध्ये हा कापूस झोडपला जातो, कार्ड खात्यात तो पिंजून त्याचा पेळू होतो. सर्वात जास्त धूळ इथे. पुढे त्रासन खात्यात, म्हणजे रिंगवर सूत काढताना, ती कमी होते, पण असतेच. साच्यांपर्यंत पोचेतो सूत बरेच स्वच्छ झालेले असते. विणकाम खात्यातली हवा काही चांगली होती असे नव्हे. सूत तुटू नये म्हणून तिथे दमटपणा मुद्दाम राखत आणि कामगार घामाने निथळत. तरी कापसाच्या धुळीचा जोर तिथे सर्वांत कमी. ज्याला वैद्यकात बिसिनोसिस म्हणतात, त्या रोगाचे प्रमाणही सामान्यपणे ह्याच उतरंडीने खाली येते.

आता ही उतरंड आणि आपली जुनी उतरंड शेजारी ठेवून पाहावी. अस्पृश्य कामगाराला गिरणीत प्रवेश होता, मात्र विणकाम खात्यात नव्हता. कारण धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून काढावे लागे. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणजे महाराची लाळ सवर्णाच्या ओठाला. हा विटाळ सवर्ण कामगारांना सोसणारा नव्हता. लँकशायरमध्येही गोरे विणकर असेच तोंडाने सूत ओढत. तिथे पुढे ह्या पद्धतीवर आरोग्याच्या कारणाने आक्षेप घेतला गेला. आपल्याकडे रोगाची भीती नव्हती, जातीची होती.

विणकाम खात्यात पगार चांगला होता. त्यामुळे ह्या बंदीची चर्चा आजवर पगाराच्या अंगाने झाली आणि ते योग्यच आहे. १९२८ च्या एप्रिलमध्ये मोठा संप सुरू झाला आणि सुमारे सहा महिने चालला. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट बजावले की अस्पृश्यांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मागण्यांत घातला पाहिजे. पुढाऱ्यांनी ती मागणी नाखुषीने घेतली. मालकांसमोर ती गेली तेव्हा मालकांनी हात वर केले. हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही, असे ते म्हणाले. ह्या उत्तरात थोडे सत्य होते, आणि तेच कामगार चळवळीला झोंबणारे आहे. बाबासाहेब तेव्हा परळच्या पोयबावडीला, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत होते. भोंगे आणि धुराडी त्यांना पुस्तकात वाचायची गरज नव्हती.

माझे म्हणणे असे की ही बंदी पगाराइतकीच श्वासाचीही होती. ज्या दरवाजातून कमी धुळीच्या खात्याकडे जाता आले असते तो दरवाजा विटाळाने बंद केला होता. केवळ दलितांनीच कापूस गिळला असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. घाटावरचे आणि कोकणातले मराठा, कुणबी कामगारही कार्ड खात्यात खोकत होते. फरक एवढाच की त्यांच्यापैकी एखाद्याला गाववाल्या जॉबरच्या ओळखीने साच्यावर लागण्याची आशा होती. आपल्या माणसाला ती आशाही नव्हती.

ह्या रोगाची एक खूण आहे. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर आले की पहिल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो. दुसऱ्या दिवशी बरे वाटते. काही वर्षांनी ते रोजचेच होते आणि मग गिरणी सुटली तरी सुटत नाही. क्ष-किरणाच्या फोटोत त्याची खास अशी निशाणी उमटत नाही. म्हणून सिद्ध करणे कठीण आणि नाकारणे सोपे. ब्रिटनमध्ये १९४१ साली त्यासाठी भरपाईची योजना आली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात धूळ आणि वाफा यांवर स्वतंत्र कलम होते, भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात रोगाचे नावही होते. परंतु बदली कामगाराने कोणत्या गिरणीच्या धुळीने आपली छाती गेली हे कसे दाखवायचे? विडी ओढतोस ना, असे विचारले की प्रकरण मिटे.

माझे आजोबा एका गिरणीत कार्ड खात्यात होते. १९८२ च्या संपापर्यंत. त्यांच्या दवाखान्याच्या कागदांवर एका ठिकाणी दमा, एका ठिकाणी जुना खोकला आणि एका ठिकाणी क्षयाची शंका असे लिहिले आहे. त्यांनी कुठे काम केले, हे त्या कागदांवर कुठेही विचारलेले नाही. घरात पहिला पदवीधर म्हणून मीच ते कागद वाचले. आजी मात्र एवढेच सांगायची की रविवारी ते माणसात असत आणि सोमवारी रात्री भिंतीला टेकून बसत. तिला बिसिनोसिस हा शब्द माहीत नव्हता, पण लक्षण तिने अचूक टिपले होते. आपल्या इतिहासाची साधने अशी असतात. दफ्तरखान्यात ती मिळत नाहीत.

१९७० च्या दशकाअखेरीस केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत यांच्या पथकाने मुंबईच्या हवेचा आणि छातीच्या विकारांचा संबंध तपासला, त्यात लालबाग आणि चेंबूर होते. १९८१ साली हवा प्रदूषणाचा केंद्रीय कायदा झाला. तोवर मालाचे आणि माणसांचे केंद्र परळहून पूर्वेकडे सरकू लागले होते. चेंबूर-तुर्भ्याला १९५० च्या दशकातच तेलशुद्धीकरण कारखाने आले आणि पुढे खताचा कारखाना आला. देवनारला १९२७ पासून शहराचा कचरा पडतच होता. त्याच परिसरात शहराने नको असलेली माणसेही नेऊन टाकली. आणीबाणीत, १९७६ च्या मे महिन्यात, मानखुर्दची जनता कॉलनी उठवून चीता कॅम्पला हलवली, हे त्याचे एक उदाहरण. अलीकडे तानसा जलवाहिनीकाठची घरे पाडून लोकांना माहुलला पाठवले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच माहुलची हवा आरोग्याला धोकादायक ठरवली होती, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही.

देवनारच्या ढिगावर काच, प्लास्टिक, लोखंड वेचणाऱ्यांमध्ये दलित आणि मुसलमान बायका किती आहेत, हे तिथे जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. कचरा तिथे अधूनमधून जळतच असतो. जानेवारी २०१६ मध्ये मोठी आग लागली, धूर दूरवर गेला, उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर विचारले की हा धूर आला कुठून?