परिचारिकेचा पोषाख

शिरड शहापूर येथील मल्लिनाथाच्या दिगंबर जैन क्षेत्रीं एखाद्या आर्यिकेची शुभ्र साडी दिसली, तर तिचा अर्थ कोणास विचारावा लागत नाहीं. संसार सोडलेल्या स्त्रीचें तें चिन्ह होय. परिचारिकेच्या पोषाखाचें मूळहि अशाच वैराग्यांत आहे, हें मात्र आम्ही सहसा ध्यानांत आणीत नाहीं.

युरोपांत रुग्णांची शुश्रूषा शतकानुशतकें मठवासिनी करीत. परिचारिकेस ‘सिस्टर’ म्हणण्याचा प्रघात त्यांच्यापासूनचा. १८५४ सालीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं क्रिमियाच्या युद्धांत नेलेल्या परिचारिकांचा वेष करड्या रंगाचा होता. पुढें रोगजंतूंचें ज्ञान पसरलें, तेव्हां मळ लपविणाऱ्या रंगापेक्षां मळ दाखविणारा पांढरा रंग श्रेष्ठ ठरला.

महाराष्ट्रांत या वेषास निराळें महत्त्व आलें. ब्राह्मण विधवेस तांबडें आलवण दुसरे नेसवीत. रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन स्थापिलें आणि पुढें तेथील विधवा ससून रुग्णालयांत शुश्रूषा शिकूं लागल्या. आलवण सांगे, हिचें काय गेलें. गणवेश सांगूं लागला, हिला काय येतें. आमच्या समाजांत ही लहान क्रांति नव्हती.

आतां अनेक रुग्णालयांत टोपी गेली आहे, रंगहि बदलत आहेत. त्याची खंत नको. परंतु वस्त्राचें मूळ वैराग्यांत असलें, तरी तें घालणारी स्त्री वैरागिणी नव्हे. सेवेचा गौरव गाऊन तिचें वेतन विसरणाऱ्या समाजानें हें नित्य स्मरावें.